कोरोना आपल्या डीएनएत घुसतो का? एका गाजलेल्या पेपरविषयी

मे २०२१ मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या गटाचा पेपर ‘पीएनएएस’मध्ये आला. दावा असा, की कोरोनाच्या आरएनएची डीएनए प्रत तयार होऊन ती माणसाच्या पेशीच्या जीनोममध्ये बसू शकते. तेव्हा मी एमएससी करत होते. मावशीचा फोन आला, “तू हेच शिकतेस ना? मग लस घेऊ की नको?”

प्रश्न मुळात चांगला होता. काही रुग्ण बरे झाल्यावरही त्यांची पीसीआर पॉझिटिव्ह येत राहायची, पण जिवंत विषाणू सापडत नव्हता. मग हा आरएनए येतो कुठून? एचआयव्हीसारखी जीनोममध्ये शिरायची हत्यारं कोरोनाकडे नाहीत. पण ती आपल्याकडे आहेत! लाइन-१ नावाचे ‘उड्या मारणारे’ घटक आपल्या जीनोमचा साधारण १७ टक्के भाग व्यापतात. बहुतेक निकामी आहेत. जे थोडे चालू आहेत ते स्वतःच्या आरएनएची डीएनए प्रत काढून दुसरीकडे चिकटवतात, आणि कधी चुकून भलत्याचीच.

पेपरची जमेची बाजू म्हणजे विषाणूच्या तुकड्यांशेजारी लाइन-१ च्या कामाच्या खुणा थेट डीएनएत दिसल्या. म्हणजे ‘घडू शकतं’ हे पटतं.

गडबड पुढे आहे. या पेशींमध्ये लाइन-१ मुद्दाम भरमसाट वाढवलं होतं. दार सताड उघडं ठेवून चोर शिरू शकतो हे दाखवण्यासारखंच ते. रुग्णांमधला पुरावा तर फक्त आरएनएचा होता, आणि सिक्वेन्सिंगसाठी नमुना तयार करताना दोन असंबंधित तुकडे आपोआप जोडले जातात, ही जुनी डोकेदुखी आहे. त्याच वर्षी जेफ्री फॉकनर यांच्या गटाने लाइन-१ न वाढवता त्याच प्रकारच्या पेशी तपासल्या. कोरोनाचा एकही तुकडा बसलेला सापडला नाही. त्याच पद्धतीने यकृताच्या कर्करोगात हिपॅटायटिस-बीचा डीएनए मात्र सापडला.

मग येनिश यांचा गट चूकच होता का? तसंही नाही. २०२३ मध्ये त्यांनी हजारो पेशी चाळणारी पद्धत वापरली. लाइन-१ न वाढवताही घटना सापडल्या, पण सुमारे हजारपट कमी. आणि पेशींत विषाणूचा नुसता एमआरएनए सोडला, तेव्हा एकही नाही.

मला वाटतं, हा फरक पहिल्याच पेपरमध्ये ठळकपणे यायला हवा होता. ‘घडू शकतं’ आणि ‘किती वेळा घडतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या पेपरने पहिल्याचं उत्तर दिलं, लोकांनी ते दुसऱ्याचं म्हणून वाचलं. मावशीला मी तेव्हा एवढंच म्हणाले, “त्या पेपरात लस तपासलेलीच नाही, तू घे.” तिने घेतली.