कंधारचा वेढा आणि शाही दरबार : मोगल चित्रांतील खोलीचा प्रश्न

मोगल चित्रकारांना यथार्थदर्शन, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह, अवगत नव्हते, असे विधान कलेचा इतिहास शिकविताना सर्रास केले जाते. त्याला उत्तर म्हणून, यथार्थदर्शन मुळात इब्न अल-हैसमचेच, युरोपने ते उचलले, असा प्रतिदावाही ऐकू येतो. ही दोन्ही विधाने चित्रांसमोर टिकत नाहीत.

सपाट पृष्ठावर खोलीचा आभास गणिताने निर्माण करण्याची पद्धती पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथे सिद्ध झाली. ब्रुनेलेस्कीने ती प्रयोगाने दाखविली. अल्बेर्तीने १४३५ मध्ये ती ग्रंथबद्ध केली. पाहणाराचा डोळा एका जागी स्थिर मानायचा. दूर जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूत मिळवायच्या. वस्तू अंतराच्या प्रमाणात लहान करायच्या, हे तिचे सार होय. अकराव्या शतकात कैरो येथे 'किताब अल-मनाझिर' लिहिणाऱ्या इब्न अल-हैसमने वस्तूकडून सरळ रेषेत डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाची उपपत्ती मांडली. १२०० च्या सुमारास झालेल्या लॅटिन भाषांतरामुळे ती युरोपात पोहोचली. मात्र चित्र कसे काढावे, हे त्याने सांगितलेले नाही. त्याचा एक विचार येथे अधिक मोलाचा आहे : अंतर थेट दिसत नाही, मध्ये असलेल्या ओळखीच्या वस्तूंवरून मन ते ठरविते.

याच दृष्टीने शाहजहानच्या 'पादशाहनामा' या, सध्या विंडसर येथे असलेल्या, हस्तलिखितातील दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले पयागचे : १६३१ मधील कंधारच्या वेढ्याचे. हे कंधार अफगाणिस्तानातील नव्हे, तर आजच्या नांदेड जिल्ह्यातील. पुढील स्वार मोठे व ठसठशीत आहेत. त्यांच्यापलीकडची माणसे लहान. किल्ला दूर, धुराच्या पडद्याआड. रेषा एका बिंदूत मिळविलेल्या नाहीत, तरी नजर टप्प्याटप्प्याने आत शिरते. मधल्या वस्तूंवरून मन अंतर ठरविते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरे बिचित्रचे : १६२८ च्या राज्यारोहण सोहळ्यात बादशहा आपले तीन थोरले पुत्र व आसफखान यांना भेटतो, तो दरबार. येथे बादशहा वर झरोक्यात आहे आणि खाली सरदारांच्या रांगा आहेत. मागे उभा आहे म्हणून कोणाचा चेहरा पुसट होत नाही. दरबारात कोण, कोठे उभा होता याची ही नोंद आहे. नियमाने दूरचा माणूस लहान केला असता, तर बादशहाच सर्वांत लहान ठरला असता.

एकाच ग्रंथात एका ठिकाणी खोली साधली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी आवरली जाते. तेव्हा हा अज्ञानाचा नव्हे, निवडीचा प्रश्न आहे. युरोपीय नमुनेही अपरिचित नव्हते. १५८० मध्ये गोव्याहून फतेहपूर सिक्रीला गेलेल्या जेझुइटांनी अकबराला अँटवर्प येथे छापलेले सचित्र बहुभाषी बायबल भेट दिले होते. शाही कारखान्यात युरोपीय मुद्राचित्रांच्या नकलाही झाल्या.

युरोपातही नियम निरपवाद नव्हता. मसाच्चोच्या 'त्रिमूर्ती' या भित्तिचित्रात (सुमारे १४२७) कमानदार छत खालून पाहिल्याप्रमाणे काटेकोर रेखाटले आहे. परंतु ख्रिस्त व त्यामागील ईश्वरपिता समोरून पाहिल्यासारखेच आहेत. श्रद्धेच्या ठिकाणी मसाच्चोने जी सवलत घेतली, ती बिचित्रने राजप्रतिष्ठेच्या ठिकाणी घेतली.

याचा अर्थ मोगल चित्रांत उणीव नाहीच, असा नव्हे. दरबारचित्रांतील इमारतींच्या बाजू कित्येकदा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि निवडीचा युक्तिवाद अशा प्रत्येक विसंगतीवर पांघरूण घालू शकत नाही. पण ते दोष त्या त्या चित्रात दाखवावे लागतील. एका वाक्यात साऱ्या परंपरेवर लादता येणार नाहीत. 'यांना खोली येत होती का' यापेक्षा 'येथे खोली हवी होती का' हा प्रश्न वर्गात आधी विचारला जावा. त्यासाठी ही दोन चित्रे पुरेशी आहेत.