कळीचा नारद

मराठीत ‘कळ’ या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत. यंत्राची कळ, दाढेतली कळ आणि दोन शेजाऱ्यांत लावून द्यायची ती कळ. तिन्ही एकाच वेळी अनुभवायच्या असतील तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाजवळ तासभर बसावे. तो ज्यात प्रोग्रॅम लिहितो त्या साधनाला एडिटर म्हणतात. मासिकाचा संपादक आपले लिखाण निदान ‘साभार परत’ तरी करतो. हा आभार मानीत नाही आणि कित्येकदा परतही करीत नाही.

नुसते कंट्रोल आणि वाय घ्या. विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रॅम्समध्ये त्याचा अर्थ, मागे घेतलेला बदल पुन्हा कर. ईमॅक्समध्ये, कापून ठेवलेले इथे चिकटव. व्हिममध्ये पडद्यावरचा मजकूर एक ओळ सरकतो. आणि जावावाल्यांच्या एका लाडक्या एडिटरच्या मूळ मांडणीत, कर्सर आहे ती अख्खी ओळ गडप! म्हणजे त्याच एका ‘येऊ का?’ला एका घरी चहा मिळावा, दुसऱ्या घरी पाट, तिसऱ्या घरी वर्गणीची पावती आणि चौथ्या घरी कुत्रे सोडावे.

कंट्रोल-एसचेही तेच. जगभर ही मजकूर जतन करण्याची खूण, पण कित्येक टर्मिनलांत ती दाबली की पडदा थिजतो. टेलिप्रिंटरच्या काळात पलीकडच्या यंत्राला ‘जरा थांब’ सांगायची ती खूण होती. टेलिप्रिंटर गेले, खूण राहिली. कंट्रोल-क्यूने गाडी पुन्हा सुरू होते. ज्याला हे ठाऊक नाही तो बिचारा यंत्र गेले म्हणून सुतक धरतो.

पण या थोरल्या मंडळींवर माझा राग नाही. व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढच्या टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते. म्हणून त्यात अजूनही त्या अक्षरांनी वरखाली जायचे. म्हातारा हेकट खरा. त्याचा वारस व्हिम, त्यातून बाहेर कसे पडावे हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांवर वेळा पाहिला गेला होता! पण आपली लिहिण्याची अवस्था वेगळी आणि हुकमाची वेगळी, हे तो पहिल्याच दिवशी सांगतो आणि मग जन्मभर बदलत नाही.

खरी तक्रार आहे ती आजच्या गोडबोल्यांबद्दल. कापा-चिकटवाचे एक जनक लॅरी टेस्लर यांचा अशा अवस्थांना इतका विरोध की त्यांनी मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ लिहून घेतले होते. नव्यांनी त्या अवस्था काढल्या नाहीत, फक्त लपवल्या. कंस उघडला की हा आपण होऊन मिटतो. सवयीने आपण मिटणारा कंस टाकला तर गिळतो. पण जरा दुसरीकडे जाऊन परत आलो की गिळत नाही, आणि पदरात दोन कंस. एंटर दाबावा तर कधी नवी ओळ, कधी न मागितलेला शब्द. सूचनांची यादी त्या क्षणी उघडली होती की नाही यावर सगळे! टाइपरायटरचा ‘क’ दिवसभर ‘क’च उमटवी हो.

आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी परवा म्हणाली, “सर, माझेच हात चुकतात बहुतेक.” मला हे फार लागले. हात चुकत नव्हते. हात शिकले होते, आणि शिकवणाराच दर दहा मिनिटांनी शब्द फिरवीत होता. नाव मात्र हातांचे खराब.

मग आम्ही सेटिंग्ज उघडली. एंटरने सूचना स्वीकारावी का, याला पर्याय तीन: चालू, बंद आणि ‘स्मार्ट’. स्मार्टपणा पुष्कळ सोसला होता, म्हणून बंद केले. आता एंटर बिचारा नवी ओळच देतो. सूचना स्वीकारायला टॅब, आणि टॅब तर ओळ आत सरकवायला लागतो. तेव्हा उजव्या करंगळीतली कळ सध्या डाव्या करंगळीत आहे.