भिंगाची खोटी साक्ष

शिरगावच्या श्रीलईराईचे होमखण आणि सांखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीत सोडल्या जाणाऱ्या दीपमंडित नौका यांची रात्रीची छायाचित्रे आता घरोघरी दिसतात. त्यांपैकी कित्येकांत ज्वाळांसमोर एखादे हिरवट वर्तुळ तरंगत असते. भाविकाने त्यास देवीचे तेज मानले तर नवल नाही. परंतु ते तेज भिंगाचे आहे, देवीचे नव्हे.

लेपविरहित काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवितो. १९३५ साली त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी त्यावर लेपाचा उपाय काढला. परावर्तन घटले, निमाले नाही. काळोखात तो अवशेष उठून दिसतो. चित्रमध्यापलीकडे, ज्योतीच्या नेमका समोरासमोर उमटणारा ठिपका आपले कूळ स्वतःच सांगतो.

छायाचित्रकाराने भिंग पुसावे, त्यापुढील जादा काच काढावी. पेडण्याच्या दशावतारात चौकटीबाहेरचा दिवा हाताने झाकता येतो. होमखण मात्र चौकटीत हवेच. तेथे दोन पावले सरून ठिपका कोणाच्या चेहऱ्यावरून काळोखात न्यावा.

मागाहून संगणकावर तो खोडणे आम्हांस पटत नाही. त्याखाली दडलेला धोंडाचा चेहरा परत येत नाही. तेथे कल्पित चेहरा बसतो. न पाहिलेले सांगणारा साक्षीदार न्यायासनासमोर टिकत नाही, मग जत्रेच्या इतिहासात त्याला थारा का द्यावा? देवस्थानांनी संग्रहात मूळ प्रतच ठेवावी, ठिपक्यासकट.