समासातल्या सह्या

दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट लढाऊ विमानाची छापील चित्रे जमवणारे आधी चित्र पाहत नाहीत. खालच्या समासातल्या वैमानिकांच्या पेन्सिलीतल्या सह्या मोजतात. आडॉल्फ गालांड यांची सही असली की भाव चढतो. १९९६ साली ते वारले, तेव्हा नवी सही मिळणे नाहीच. चित्रात विमान बहुधा ढगांवर, सोनेरी उन्हात. प्रत्यक्षात उतरताना ते शत्रूला सहज सापडे. म्हणून म्यूनिक-रीमच्या तळावर त्याच्या रक्षणाला पंख्याची विमाने ठेवावी लागत. एवढी सजावट मी चित्रकाराला माफ करीन. पण या विमानांचे सांगाडे ऑस्ट्रियात, सांक्ट गेओर्गेनच्या भुयारांत, गुसेन छळछावणीचे कैदी घडवत होते. हजारो मेले. जे वाचले, त्यांपैकी कुणाची सही मला आजवर एकाही प्रतीवर दिसलेली नाही.