रक्तवाढीचे लेख आणि आमचे ताट

आमच्या वस्तीतील प्रौढ साक्षरता वर्गात मी आठवड्यातून दोनदा शिकवतो. बहुतेक बाया धुणीभांडी उरकून येतात. आरोग्य शिबिरात त्यांतील अनेकींना 'रक्त कमी' असल्याचे सांगितले गेले. (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय नोंदवला.) म्हणून वाचनाचा धडा म्हणून आम्ही मोबाईलवर 'रक्त वाढवण्यासाठी काय खावे' हे शोधले आणि आलेले मराठी लेख अक्षर लावून वाचले. त्या लेखांविषयी मला लिहायचे आहे, कारण तेही वाङ्मय आहे आणि त्यालाही जात आहे.

बीट, डाळिंब, खजूर, पालक, सफरचंद. लेखामागून लेख हेच ताट. भाषा हुकमाची: घ्यावे, टाळावे, सात्त्विक असावे. खाणारी कोण, तिची मजुरी किती, हा प्रश्नच नाही. एका लेखातले लिंबू पिळण्याचे आणि जेवणावर लगेच चहा न घेण्याचे तेवढे कामाचे निघाले. पालकातील लोह अंगी फार थोडे लागते. मांसातले, काळजातले, रक्तातले कितीतरी अधिक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली. त्या कोष्टकात बोकडाचे काळीज आहे, वजडीही आहे. प्रयोगशाळेला जे दिसले ते या लेखकांना का दिसू नये?

परंतु मौन त्यांचे एकट्याचे नाही. "घरी काय खाता?" असे मी विचारले तेव्हा वर्ग गप्प. एक आजी हळूच म्हणाल्या, "ते नाव मोबाईलात नका घालू, सर." १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, तो स्वाभिमानाचा नकार होता. मग खाटकाला रोख पैसे मोजून आणलेली वजडी आज झाकून का न्यावी लागते? त्या नकाराची अशी लाज केव्हा झाली, याचा विचार आपल्या समीक्षेनेही फारसा केलेला नाही.

पुढच्या वेळी मी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वर्गात नेले. मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न त्यांनी नावानिशी, कुणाची परवानगी न मागता लिहिले आहे. वाचताना आधी हसू फुटले, मग बाया एकमेकींच्या कृतीतल्या चुका काढू लागल्या.

आजींनी फोन मागितला. एकेक अक्षर दाबत 'रक्ती' लिहिले. फोनने आपणहून ते 'रक्तगट' केले. आजींनी पुसले आणि पुन्हा 'र'पासून सुरुवात केली.