बाद झालेल्या गड्याचे काय?

कबड्डीचे तीन जुने प्रकार सांगितले जातात: अमर, गामिनी आणि संजीवनी. तिन्हींत मुख्य फरक एकाच गोष्टीचा, बाद झालेल्या गड्याचे काय करायचे. अमरमध्ये तो मैदान सोडत नाही; समोरच्या संघाला गुण मिळतो आणि खेळ पुढे चालतो. गामिनीत एकदा बाद झाला की सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसतो. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बाहेरचा एक गडी जिवंत होऊन आत येतो. आज शहाद्याजवळच्या लोणखेड्यातल्या मैदानापासून प्रो कबड्डीपर्यंत जो खेळ चालतो, तो या संजीवनीचा वारस आहे.

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेमपुढे हाच प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ उभा आहे. या गेममध्ये पाळी नसते. सगळे खेळाडू एकाच वेळी लाकूड-सोने गोळा करतात, घरे-किल्ले बांधतात, सैन्य उभे करतात आणि एकमेकांवर चालून जातात. 1992 च्या ‘ड्यून टू’ने या प्रकाराचा साचा घालून दिला. त्यानंतर या कलेत चित्रे, आवाज, नकाशे, संगणकाची चाल असे सगळे सुधारले. पण खेळाडू नेमका कधी आणि कसा बाद व्हावा, यावर झालेला विचार मला फार तोकडा वाटतो. बहुतेक गेम अजून गामिनीतच अडकलेले आहेत.

एक जुना नियम इमारतींचा. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये (1998) शेवटची इमारत पडली की खेळाडू संपला, मग त्याचे सैन्य शाबूत का असेना. ऐकायला नियम स्वच्छ आहे. पण त्यातल्या टेरन जमातीच्या काही इमारती जमिनीवरून उचलून हवेत नेता येतात. हरलेला टेरन खेळाडू आपली बराक उचलून नकाशाच्या कोपऱ्यात, डोंगरापलीकडे नेऊन ठेवतो. समोरच्याकडे हवेत मारा करणारे काही उरले नसेल, तर जिंकलेला डाव संपता संपत नाही. 2010 च्या ‘स्टारक्राफ्ट टू’ने यावर ठिगळे लावली. मुख्य तळ गेला आणि नवा बांधायला पैसे नसतील, तर लपवलेल्या इमारती शत्रूला दिसू लागतात. तीन मिनिटे कोणी काही कमावले नाही, बांधले नाही, पाडले नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. ठिगळे कामाची आहेत, पण मूळ कापडच विरले होते हे त्यांवरून कळते. मुरलेले खेळाडू या टोकापर्यंत जातही नाहीत. हार दिसली की ‘जीजी’ लिहून, म्हणजे चांगला खेळ झाला असे सांगून, बाहेर पडतात. ही रीत सुंदर आहे. तरीही जो नियम पाळण्याची वेळच खेळाडू येऊ देत नाहीत, त्याला चांगला नियम कसे म्हणावे?

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ने 1999 मध्ये दुसरा मार्ग दाखवला. त्यातल्या ‘रेजिसाइड’ प्रकारात प्रत्येकाला एक किल्ला आणि एक राजा मिळतो. राजा पळायला चपळ, पण लढू शकत नाही. तो मेला की राज्य संपले. मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण त्यात लपवणे आणि शोधणे या दोन्हींना किंमत आहे. 400 सोने मोजून फितुरी विकत घेता येते आणि शत्रूचा राजा कुठे आहे ते काही क्षण नकाशावर दिसते. तेवढ्यात हल्ल्याची दिशा बदलायची. राजाला किल्ल्यात ठेवले तर तो सुरक्षित वाटतो, पण किल्ला ढासळताच तो उघड्यावर येतो. हजारभर झोपड्या जाळत बसण्यापेक्षा या पाठलागात खूप जास्त नाट्य आहे.

पण राजा गेला म्हणजे सगळे गेले, हे मराठी वाचकाला सहज पटणार नाही. 1689 च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली, त्याच वर्षी रायगडही घेतला. रेजिसाइडच्या हिशेबाने डाव तिथेच संपायला हवा होता. पण राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी-धनाजी लढत राहिले, 1700 नंतर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली, आणि 1707 मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मेला. उलट पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव पडले, सेनापती सदाशिवरावभाऊ अंबारीत दिसेनासे झाले आणि लढणारी फौज दुपारनंतर फुटली. शंभर वर्षांच्या आतल्या या दोन गोष्टी. सत्तेचा जीव कधी एका माणसात असतो, कधी तो पसरलेला असतो. चांगल्या गेममध्ये या दोन्हींना जागा असायला हवी. 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे खेळायला मिळतात, आणि तिथल्या लढाईत सैनिक कापले जाण्याआधी त्यांचा धीर सुटतो, पलटण पळ काढते. पराभवाचे हे चित्र मला शेवटच्या इमारतीपेक्षा कितीतरी खरे वाटते.

‘सुप्रीम कमांडर’मध्ये (2007) राजाच्या जागी सेनापती-यंत्र आहे. ते फुटताना अणुस्फोट होतो, त्यामुळे ते मारायला जवळ गेलेलाही मरू शकतो. याच घराण्यातला, मोफत मिळणारा ‘बियॉन्ड ऑल रीझन’ एक पाऊल पुढे गेला. तिथे आठ विरुद्ध आठ असे मोठे डाव चालतात. नेहमीच्या नियमात तुमचे सेनापती-यंत्र गेले तरी तुम्ही लगेच बाद होत नाही. उरलेल्या फौजेनिशी लढत राहता. तुमच्या बाजूची सगळी सेनापती-यंत्रे गेली की मगच बाजू हरते. आजच्या गेममध्ये जिंजीच्या सर्वात जवळ जाणारा नियम मला हाच दिसतो.

आणखी दोन मार्ग आहेत. ‘कंपनी ऑफ हीरोज’मध्ये (2006) मोक्याच्या जागा धरल्या की शत्रूचे गुण घटत जातात, आणि ‘एज ऑफ एम्पायर्स फोर’मध्ये (2021) ठरावीक महत्त्वाच्या वास्तू पाडल्या की पुरते. दोन्ही नियम डाव वेळेवर संपवतात.

बाहेर बसलेल्या गड्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. हे मला लोणखेड्यात दिसले; पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे इथे तरुण मुलांचा राबता असतो. जुन्या लॅपटॉपवरही चालतो म्हणून ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ अशा मुलांत टिकून आहे. नेटवर्क स्विचला चार केबल जोडून बसलेल्या एका टोळक्याचा डाव मी पाहिला आहे. चौघे चार बाजूंना, प्रत्येक जण आपापला. पहिल्या पंधरा मिनिटांतच एकाचे शेतकरी घोडेस्वारांनी कापले आणि तो संपला. उरलेल्या तिघांचा डाव चांगला तासभर चालला. बाद झालेला मुलगा आधी पडद्यावर बघत राहिला, मग शेजाऱ्याला सल्ले देऊ लागला, ते कोणाला नको झाले तेव्हा मोबाइल काढून बीजीएमआय हा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकेल असा गेम खेळत बसला. तिथेही मेला तर मेला, पण पुढचा डाव लगेच सुरू होतो. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’च्या नव्या आवृत्तीनेही 2020 मध्ये आपला बॅटल रॉयल प्रकार आणला. पण तोही गामिनीच आहे, फक्त छोटा.

चौघांच्या डावात सर्वात कच्चा गडी सर्वात आधी जातो आणि सर्वात जास्त वेळ बसून राहतो. ज्याला सरावाची गरज सर्वात मोठी, त्यालाच सर्वात कमी खेळायला मिळते. कबड्डीने मात्र संजीवनी निवडली, आणि त्यामुळे खेळ मिळमिळीत झाला नाही. उलट एकच गडी उरलेला संघ एका चढाईत दोघांना टिपून दोन गडी उठवतो तेव्हा मैदान उभे राहते. हरत आलेल्या संघाला परतीची वाट असते, म्हणून लोण चढवायला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करायला, जिंकणाऱ्यालाही शेवटपर्यंत कष्ट पडतात.

मोठ्या कंपन्यांची वाट बघायची गरज नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’मध्ये नकाशे बनवायची सोय पहिल्यापासून आहे. दोन विरुद्ध दोन असा नकाशा घ्यावा. शत्रूचे मुख्य नगरकेंद्र पडले, ही अट ठेवावी. ती पूर्ण होताच बाद झालेल्या साथीदाराच्या नावावर चार शेतकरी आणि थोडे लाकूड यावे, हा परिणाम जोडावा. एक अडचण येईल. ज्याचे काहीच उरले नाही त्याला गेम स्वतःच हरलेला ठरवतो, आणि मग त्याला काही देता येत नाही. म्हणून प्रत्येक खेळाडूचा एक सैनिक नकाशाच्या कोपऱ्यात, चहूबाजूंनी पाणी असलेल्या एवढ्याशा बेटावर ठेवावा, जिथे कोणाचा बाण वा जहाज पोहोचणार नाही. तो सैनिक लढणार नाही, कुठे जाणारही नाही. तो तिथे असेपर्यंत त्याचा धनी बाहेर बसलेला असेल, पण मैदानातून गेलेला नसेल. चार शेतकरी कमी पडतात की जास्त होतात, हे दोन-चार डाव खेळून ठरवावे लागेल.