मजबूत लहर, पण कोणासाठी?

नवीन जालन्यातल्या जुन्या गच्च्यांवर अजूनही एखादा अॅल्युमिनियमचा अँटेना दिसतो. त्याचे तोंड वायव्येकडे, म्हैसमाळच्या डोंगरावरील दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे. सरळ रेषेत अंतर सुमारे ७५ किलोमीटर. अॅनालॉगच्या काळात पडद्यावर मुंग्या यायच्या, पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटल प्रक्षेपणात हा मधला टप्पाच नाही. संकेत ठरावीक पातळीच्या वर असेल तर चित्र स्वच्छ. एक-दोन डेसिबल खाली घसरला की पडदा काळा.

या कडेलोटावर उतारा म्हणून मानकांत ‘रोबस्ट मोड’ असतात. डीव्हीबी-टी२ या मानकाचेच पाहा. ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते सेकंदाला सुमारे ५० मेगाबिट वाहून नेऊ शकते. मात्र त्यासाठी संकेत गोंगाटापेक्षा जवळपास २२ डेसिबल वर हवा. सर्वांत मजबूत नेहमीच्या पद्धतीत अवघा १ डेसिबल पुरतो, पण वहन साडेसात मेगाबिटांवर येते. हा २१ डेसिबलचा फरक म्हणजे सव्वाशेपट शक्ती. कागदावर सौदा उत्तम दिसतो. माझा आक्षेप या कागदावरच्या उत्तमपणावर आहे.

पहिली मर्यादा पृथ्वीच्या गोलाईची. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटर उंच, जालना सुमारे ५०० मीटरवर. या उंचीवरून रेडिओ-क्षितिज शंभरेक किलोमीटरवर येते. जालना शहर त्याच्या आत, तर परतूर सुमारे १२० किलोमीटरवर, म्हणजे बाहेर. क्षितिजापलीकडे दर किलोमीटरला संकेत झपाट्याने क्षीण होतो. मोकळ्या अवकाशात सव्वाशेपट शक्ती अकरापट अंतर देईल. इथे ती थोडेच किलोमीटर मिळवून देते.

दुसरी मर्यादा किमतीची. साडेसात मेगाबिटांत साध्या दर्जाच्या पाच-सहा वाहिन्या कशाबशा बसतात. डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्यांनिशी सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डिश सेवा आज शंभरावर वाहिन्या देते, आणि परतूरलाही तेवढ्याच देते. प्रेक्षक डिशकडे वळला, यात नवल नाही.

तिसरी मर्यादा मानकाच्या मजकुरात सापडतच नाही, कारण मानक मनोऱ्यापासून अँटेनापर्यंतच बोलते. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डीव्हीबी-टी२ सुरू केले. त्यांत आपल्या शेजारचे औरंगाबादही होते. त्या सुमारास जालन्यात मी टी-२चा रिसीव्हर मागितला, तर दुकानदाराने निमूटपणे डिशचा बॉक्स पुढे ठेवला. लहर कितीही मजबूत असो, ती पकडणारा डबाच घरात नसेल तर तिचा उपयोग शून्य.

मग रोबस्ट मोड निरर्थक का? तसे नाही. मुसळधार पावसात डिशचा संकेत जातो, आणि इशाऱ्याची गरज नेमकी तेव्हाच असते. टी-२मध्ये एकाच लहरीत काही सेवा मजबूत आणि बाकीच्या वेगवान पद्धतीने पाठवता येतात. एक मराठी बातमीवाहिनी आणि आकाशवाणीचा आवाज मजबूत ठेवावा, उरलेला पट्टा करमणुकीला द्यावा. मजबुतीचा खरा उपयोग हा. पण मोजकी ठिकाणे वगळता अॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले, तेव्हाही घरोघर डिजिटल डबा पोहोचलेला नव्हता. क्रम उलटा झाला.

आता मोबाइलवर थेट प्रक्षेपणाची चर्चा आहे. त्यासाठी चाचणीत असलेले एटीएससी ३.० हे मानक आणखी मजबूत आहे. पण गच्चीवरच्या, दहा मीटर उंचीच्या अँटेनाऐवजी हातातला फोन धरला, की वीसेक डेसिबल तिथेच खर्ची पडतात. मजबुतीची कमाई हातात येईपर्यंत संपते.

म्हणून नव्या मानकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती डेसिबल?’ हा नाही. परतूरच्या घरात रिसीव्हर कोण पोहोचवणार आणि कधी, हे आधी ठरावे. मनोऱ्याचे बटण त्यानंतर दाबावे.